पाच किलोंची सक्ती कुणी केली?

लहान मुलांच्या हातात हलकी केलेली रायफल देऊ नये, असं मानणारा मोठा वर्ग आपल्या नेमबाजीत आहे. त्यात प्रशिक्षक आहेत, जुने खेळाडू आहेत आणि त्यांच्या शब्दावर विसंबणारे पालकही आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: रायफल स्थिर राहते ती वजनामुळेच. पुढे मोठ्या स्पर्धांत जड रायफलच धरायची आहे, तर सवय आत्तापासूनच हवी. वजन काढून दिलं की अंगात ताकद येत नाही. आणि लाखांची परदेशी रायफल सुताराच्या हाती देणं म्हणजे तिचं वाटोळं. ही माणसं मुलांच्या भल्याच्या इच्छेनंच बोलतात, याबद्दल मला शंका नाही. पण हे चारही मुद्दे तपासून घेण्याजोगे आहेत. ते तपासले न गेल्याचे परिणाम दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या कमरेला भोगावे लागतात, म्हणून हा प्रतिवाद सविस्तर करतो आहे.

आधी नियमाचं बघू, कारण बऱ्याच गैरसमजाचं मूळ तिथं आहे. दहा मीटर एअर रायफलसाठी आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा नियम सांगतो की रायफलचं वजन ५.५ किलोपेक्षा जास्त असू नये. पुरुष, महिला, ज्युनियर, सगळ्यांना हाच आकडा. किमान वजनाबद्दल नियम काहीही सांगत नाही. तीन किलोंची रायफल घेऊन कुणी लेनवर उभं राहिलं, तर तपासणीच्या टेबलावरचा पंच तिला वजनाच्या कारणावरून अडवू शकत नाही. तरीही आपल्याकडे मुलासाठी रायफल निवडताना पहिला प्रश्न येतो तो ‘पाच किलोंच्या जवळ जाते का?’ हा. वरची मर्यादा आखून दिली ती कुणी फार जड रायफल आणून गैरफायदा घेऊ नये म्हणून. तिलाच आपण गाठायचं लक्ष्य करून टाकलं.

वाढत्या वयाला वेगळं वजन ही कल्पना क्रीडाक्षेत्राला नवी नाही. गोळाफेकीत पुरुषांचा गोळा ७.२६ किलोंचा, वीस वर्षांखालील मुलांचा सहा किलोंचा, अठरा वर्षांखालील मुलांचा पाच किलोंचा. महिलांचा चार आणि अठराखालील मुलींचा तीन. पाच किलोंचा गोळा फेकणाऱ्या मुलाला कुणी ‘लाडावलेला’ म्हणत नाही. पुढे तो ७.२६ किलोंवर जाईल, आणि त्यासाठी त्याचे खांदे आधी शाबूत राहायला हवेत, हे मैदानावरच्या प्रत्येकाला कळतं. नेमबाजीत हे टप्पे नियमपुस्तकानं आखून दिलेले नाहीत. ते आखण्याची जबाबदारी म्हणूनच रेंजवर येते, आणि रेंज ती घेत नाही.

आता शरीराकडे वळतो. पाच किलोंची रायफल सत्तर किलोंच्या माणसाला त्याच्या वजनाच्या सात टक्के पडते. बत्तीस किलोंच्या मुलीला तीच रायफल साडेपंधरा टक्के. पण एवढ्यानं खरा त्रास लक्षात येत नाही, कारण रायफल पाठीवरच्या दप्तरासारखी अंगालगत बसत नाही. ती लक्ष्याच्या बाजूला, शरीराच्या मध्यरेषेबाहेर तोलली जाते. उभ्या पोझिशनमध्ये नेमबाज लक्ष्याकडे कुशी करून उभा राहतो, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवतो आणि त्या हाताच्या खांबावर रायफल ठेवतो. मोठा माणूस ४.८ किलोंची रायफल घेऊन उभा आहे आणि तिचा तोलबिंदू त्याच्या मध्यरेषेपासून वीस सेंटिमीटरवर आहे असं धरा. माणूस आणि रायफल मिळून जो गुरुत्वमध्य होतो, तो लक्ष्याच्या बाजूला साधारण सव्वा सेंटिमीटर सरकतो. बत्तीस किलोंच्या मुलीच्या बाबतीत तीच रायफल, तेवढ्याच अंतरावर, तो अडीच सेंटिमीटरहून जास्त सरकवते. म्हणजे दुप्पट, आणि तेही तिची पावलं मोठ्या माणसाइतक्या अंतरावर रोवलेली नसताना. ते सरकणं भरून काढायला ती काय करणार? कंबर लक्ष्याकडे ढकलणार आणि पाठ मागं व बाजूला वाकवणार. मोठी माणसंही हेच करतात. पोझिशनच तशी आहे. पण मुलीला ते कितीतरी जास्त करावं लागतं, आणि हाडं वाढत असतानाच्या वयात करावं लागतं. स्पर्धेत साठ गोळ्या असतात. महिलांनाही २०१८ पासून साठच. वेळ पाऊण तास नव्हे, सव्वा तास, त्याआधी साइटरची पंधरा मिनिटं वेगळी. आणि रायफल साठ वेळा उचलली जात नाही, त्याहून बरीच जास्त वेळा उचलली जाते, कारण होल्ड आला नाही की शहाणा नेमबाज शॉट न मारता ती खाली घेतो.

मी ज्या रेंजवर मुलांना शिकवायला मदत करतो तिथं सातवीतली एक मुलगी आली. वजन चौतीस किलो. तिला रेंजचीच रायफल मिळाली होती, मोठ्यांच्या मापाची. लांबून पाहिलं तर पोझिशन बरी वाटायची. जवळ जाऊन पाहिलं तेव्हा दिसलं की तिचं डावं कोपर कमरेच्या हाडापर्यंत पोचतच नव्हतं, बरगड्यांच्या पुढे हवेत होतं. बट लांब, म्हणून रायफल अंगापासून दूर. रायफल दूर, म्हणून आधाराचा हात पुढे. हात पुढे, म्हणून कोपराला हाड नाही. अख्खं वजन तिनं डाव्या खांद्यावर आणि दंडावर झेललेलं होतं. मान उजवीकडे कलंडली होती, गाल चीकपीसवर टेकण्याऐवजी दाबला जात होता. वीसेक शॉट्सनंतर तिनं रायफल स्टँडवर ठेवली आणि मूठ वळून कमरेत दाबली. विचारलं तर म्हणाली, ‘सर, काही नाही.’ मुलं असंच सांगतात.

आम्ही ती रायफल काट्यावर ठेवली: ४ किलो ७४० ग्रॅम. नळीवरची जादा वजनं उतरवली, सुमारे १८० ग्रॅम गेले. पोलादी सिलिंडरच्या जागी त्याच कंपनीचा आखूड ॲल्युमिनियमचा बसवला, २४० च्या आसपास गेले. आखूड सिलिंडरमध्ये हवा कमी मावते, पण सरावाच्या एका सत्राला ती पुरते. फोरएंडखालची लांब पट्टी आणि हँडस्टॉप काढला, शंभरेक ग्रॅम. बटमधल्या दोन चकत्या काढल्या. त्यांचं वजन नव्वद ग्रॅमच होतं, पण सगळ्यांत मोठा फरक त्यांनीच पाडला, कारण बट आखूड होताच आधाराचा हात मागं आला आणि कोपर हाडावर बसलं. राहिलेले अडीचशे ग्रॅम फोरएंडच्या लाकडातून, आतल्या बाजूनं, निघाले. रायफल ३ किलो ८६० वर आली. तिचे गुण दुसऱ्या दिवशी वाढले असं मी सांगणार नाही. तसं झालं नाही. पण तिची पाठ त्याच दिवशी सरळ झाली आणि मूठ कमरेत दाबणं बंद झालं. मला तेवढं पुरेसं होतं.

वरच्या हिशोबात ही दुसरी बाजू घालून पाहा. रायफल ३.४ किलोंवर आली आणि बट आखूड करून तिचा तोलबिंदू मध्यरेषेपासून पंधरा सेंटिमीटरवर आणला, तर बत्तीस किलोंच्या मुलीचा गुरुत्वमध्य सरकतो तो दीड सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी. म्हणजे जवळपास मोठ्या माणसाइतकाच. फक्त वजन काढून हे साधत नाही, फक्त बट कापूनही नाही. दोन्ही मिळून साधतं. हलकी रायफल देऊन पाहिली आणि काही फरक पडला नाही, असं सांगणारे प्रशिक्षक मला भेटले आहेत. त्यांनी बट मापलेला नव्हता.

आता सगळ्यांत वजनदार आक्षेप: हलकी रायफल थरथरते. यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. छाताडातला ठोका, श्वास, ट्रिगर ओढताना बोटाचा बारीक झटका, हे सगळं जड रायफलला कमी हलवतं. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे, तिथं हे लागतंच. म्हणूनच वरच्या दर्जाचे नेमबाज जाणूनबुजून वजन वाढवून घेतात. पण रायफलला वळण्यापासून रोखतं ते तिचं एकूण वजन नव्हे. ते वजन तोलबिंदूपासून किती लांब आहे यावर बरंचसं ठरतं, आणि तिथं अंतराचा वर्ग मोजला जातो. तोलबिंदूपासून साठ सेंटिमीटरवर, नळीच्या टोकाजवळ लावलेले शंभर ग्रॅम रायफलला जेवढं रोखतात, तेवढं रोखायला तीस सेंटिमीटरवर चारशे ग्रॅम लागतात. तोलबिंदूपासून दहा सेंटिमीटरवर असलेलं अख्खं एक किलो याबाबतीत त्या टोकाच्या शंभर ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंही काम करत नाही. म्हणून वजन कुठून काढायचं हे कळलं की वादच उरत नाही. मधल्या भागातून काढा, जिथं ते मुलाच्या हातावर नुसतं ओझं म्हणून बसलेलं असतं. होल्ड फार नाचायला लागला तर पन्नास ग्रॅम नळीच्या टोकाला आणि तोल सांभाळायला थोडं बटच्या टोकाला परत लावा. मूल हलकं उचलेल आणि रायफल बऱ्यापैकी शांत राहील. ‘जड म्हणजे स्थिर’ या वाक्यात अर्धंच भौतिकशास्त्र आहे, आणि राहिलेल्या अर्ध्याची किंमत मुलं मोजतात.

शिवाय मुलाच्या हातात थरथर येते ती कुठून? जे वजन हाडावर उभं राहतं ते थरथरत नाही. जे स्नायूंनी धरून ठेवावं लागतं ते काही सेकंदांत थरथरायला लागतं. कोपर हाडावर नसलेल्या मुलाला पाच किलोंची रायफल दिली तर तिची स्थिरता कागदावरच राहते. लेनवर ती चार किलोंच्या, मापात बसणाऱ्या रायफलपेक्षा जास्त हलते. हे पटत नसेल त्यांनी कुठल्याही इलेक्ट्रॉनिक ट्रेनरवर मुलाच्या चाळिसाव्या शॉटच्या होल्डची रेघ पहिल्या शॉटच्या शेजारी ठेवून पाहावी.

सवयीचा मुद्दा. मोठेपणी जड रायफल धरायची म्हणून लहानपणी जड रायफल. मग आपल्याच लोकांनी काय केलं ते बघू. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेऊन आला. तिथं पुरुषांच्या रायफलची मर्यादा आठ किलो आहे. तो क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला २००९ मध्ये, म्हणजे चौदाच्या सुमाराला, आणि नेमबाजी निवडली त्यानंतर. त्याच पॅरिसमध्ये महिलांच्या एअर रायफलचं सुवर्ण दक्षिण कोरियाच्या बान ह्यो-जिननं जिंकलं, वय सोळा. ही उदाहरणं आपल्याकडे ‘लवकर सुरुवात करा’ या सल्ल्यासाठी वापरली जातात. पण बान ह्यो-जिननं रायफल हातात घेतली ती ऑलिंपिकच्या तीनच वर्षं आधी. तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरुवात करून सोळाव्या वर्षी सुवर्णपदक मिळत असेल, तर दहाव्या वर्षीच पाच किलोंची सवय लावण्याची घाई कशासाठी? लवकर सुरुवात करायचीच असेल तर खुशाल करा. नजर, ट्रिगर, श्वास आणि संयम या गोष्टी दहाव्या वर्षी उत्तम शिकता येतात. फक्त त्या शिकायला पाच किलो लागत नाहीत.

जड रायफलवर जाणंही अवघड नाही. मूल वाढतं तसतशी पन्नास-पन्नास ग्रॅमची वजनं परत चढवायची, चकत्या परत घालायच्या. पोझिशनचा सांगाडा तोच राहतो, त्यावर भार वाढत जातो. उलट, खांदा उचलून आणि मान कलंडून रायफल धरायला शिकलेलं मूल सोळाव्या वर्षी मोडून पुन्हा बांधायचं म्हटलं की काय होतं, हे ज्यांनी केलं आहे त्यांना विचारा. वर्ष जातं, गुण घसरतात, आणि बरीच मुलं त्या वर्षात खेळ सोडतात. सवय लागतेच. ती चुकीच्या ढंगाचीही लागते.

ताकदीबद्दल मी थोडक्यात बोलतो. मुलांनी बळकट व्हायलाच हवं. पळा, दोरीच्या उड्या मारा, प्लँक करा, सूर्यनमस्कार घाला. पोटाचे आणि पाठीचे स्नायू तिथं तयार होतात. वाकड्या पाठीनं सव्वा तास रायफल धरून ते होत नाहीत.

‘जॅकेट आहे ना, ते पाठ धरतं’ असंही सांगितलं जातं. जॅकेट किती जाड आणि किती ताठ असावं याची मर्यादा नियमात आहे, कारण त्यानं रायफल उचलून धरू नये हीच अपेक्षा आहे. आणि आपल्या मुलांना मिळतं ते बहुधा मोठ्या भावाचं किंवा रेंजवरचं, दोन माप मोठं जॅकेट. ते पाठ धरत नाही. ते पाठ वाकलेली आहे हे प्रशिक्षकाला दिसू देत नाही.

इतर देशांत हा प्रश्न केव्हाच सुटला आहे, आणि तो भावनेपोटी नव्हे, पदकांच्या हिशोबानं. अमेरिकेत शालेय वयाच्या मुलांसाठी थ्री पोझिशन एअर रायफलचा ‘स्पोर्टर’ नावाचा गट आहे. त्यात रायफल साडेसात पौंडांपेक्षा, म्हणजे ३.४ किलोंपेक्षा जड चालत नाही. हजारो मुलं तिथून सुरुवात करतात. जर्मनीत बारा वर्षांखालच्या मुलाला एअर रायफल चालवायला वेगळी परवानगी लागते. त्याहून लहान मुलं क्लबमध्ये छर्रा नसलेल्या, प्रकाशकिरणाच्या रायफलवर शिकतात, आणि सुरुवातीला टेकू देऊन किंवा रायफल वरून दोरीनं टांगून तिचा भार काढून घेतात. आन्शुट्झ, वाल्थर, फाइनवेर्कबाऊ या ज्या कंपन्यांच्या रायफली आपण पूज्य मानतो, त्या स्वतःच आखूड बटची, हलकी ज्युनियर मॉडेल विकतात. रायफल बनवणाऱ्यांना जे मान्य आहे ते आपल्याला लाड वाटतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पैशाचा मुद्दा मात्र खरा आहे आणि त्याला तसंच उत्तर द्यायला हवं. ज्युनियर मॉडेलसुद्धा स्वस्त नसतं, आणि दोन-अडीच लाख घालणारे आईबाप साहजिकच विचार करतात की पोरगं दोन वर्षांत वाढेल, मग पुन्हा दुसरी कुठून आणू. म्हणून मोठी रायफल घेतली जाते आणि मूल तिच्यापर्यंत वाढण्याची वाट पाहिली जाते. पण वर सांगितलेल्यांपैकी जवळजवळ सगळं काम परत फिरवता येतं. उतरवलेली वजनं डब्यात ठेवायची. मूळ बटला करवत लावायची गरजच नाही. जुन्या लाकडी स्टॉकच्या रायफलसाठी मूळ स्टॉक काढून कपाटात ठेवा आणि त्याच्या मापावरून मुलासाठी दुसरा करून घ्या. शिवणीचं किंवा तुणीचं लाकूड सागापेक्षा हलकं, कोरायला सोपं. मिरजेत सतारी-तंबोरे करणाऱ्या कारागिरांना लाकूड पातळ करूनही मजबूत कसं ठेवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि असा हात महाराष्ट्रात इतरही गावांत आहे. ॲक्शन ज्यावर बसते ती जागा अचूक हवी आणि स्क्रूंखाली लाकूड भरीव हवं. एवढं सांभाळलं की बाकीचं सुताराला जमतं. रायफल विकताना मूळ स्टॉक तिच्यावर परत चढतो आणि किमतीला धक्का लागत नाही.

ज्यांना हलकं करण्याचा भलताच उत्साह चढतो त्यांनाही अडवायला हवं. सिलिंडर, नळी, ॲक्शन, व्हॉल्व्ह यांना हात लावायचा नाही. छिद्रं नाहीत, कानस नाही, काही नाही. सिलिंडरमध्ये दोनशे बार दाब असतो, मोटारीच्या टायरातल्या दाबाच्या नव्वद-शंभर पट. तो बदलायचा तर कंपनीचाच, त्या मॉडेलचाच, आणि त्यावरची मुदत वाचून. देशी बनावटीची, मोडून भरायची स्प्रिंगची रायफल हलकी आहे म्हणून मुलाला द्यावी असंही मी म्हणत नाही. तिचं वजन कमी असलं तरी ट्रिगर जड, झटका मोठा, भरताना ताकद भरपूर आणि बट मोठ्यांच्याच मापाचा. मुलासाठी रायफल हलकी हवी, त्याबरोबरच ती त्याच्या मापाचीही हवी.

हा प्रश्न एकेका घरावर सोडून चालणार नाही, कारण एका मुलाची रायफल हलकी आणि शेजारच्या लेनवरची जड असली की आईबापांना आपलं मूल मागं पडल्यासारखं वाटतं आणि वजनं परत चढवली जातात. म्हणून माझी मागणी जिल्हा आणि राज्य संघटनांकडे आहे. चौदा वर्षांखालच्या मुलामुलींच्या स्पर्धांत रायफलची कमाल मर्यादा चार किलो करा. आंतरराष्ट्रीय नियमाशी याचा कुठंही संघर्ष येत नाही, कारण चार किलोंची रायफल ५.५ च्या नियमातही बसते. प्रत्येक रेंजनं तिच्या मालकीच्या रायफलींपैकी निदान एक आखूड बट, आखूड सिलिंडर लावून मुलांसाठी राखून ठेवावी. आणि स्पर्धेच्या सकाळी तपासणीच्या टेबलावर रायफल काट्यावर ठेवली जाते तेव्हा तिच्या शेजारी मुलाचं वजनही नोंदवलं जावं, दोन्ही आकडे एकाच ओळीत. दोन हंगामांच्या त्या नोंदी हाती आल्या की कोणत्या मुलानं स्वतःच्या वजनाच्या किती टक्के रायफल पेलली आणि त्यातली किती मुलं पुढच्या वर्षी रेंजवर परत आली, हे संघटनांना तोंडी दाखल्यांवर न विसंबता पाहता येईल.